बटाट्यांची राखण

आमच्या गावात (गाव म्हणायचं एवढंच, खरं तर म्युनिकचं उपनगर; एस-बानने अर्धा तास) २०१५ च्या ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली आणि चोऱ्या सुरू झाल्या. इथे हे दरवर्षीचंच आहे. घड्याळ मागे घेतलं की पाच वाजताच अंधार पडतो, लोक सहा-साडेसहापर्यंत ऑफिसात असतात, आणि ज्या घरात दिवा नाही ते घर रिकामं हे कळायला चोराला काही पंचांग लागत नाही. जर्मन लोक या दिवसांना 'काळोखी मोसम' म्हणतात. त्या वर्षी मात्र जरा जास्तच झालं. तीन आठवड्यांत आमच्या चार गल्ल्यांत पाच घरं फुटली. त्यातलं एक आमच्या समोरचं. पाचव्या घरानंतर बेकरीच्या दारावर चिठ्ठी लागली, गुरुवारी संध्याकाळी क्रीडा मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी जमावं म्हणून.

जमलो पंचवीसेक जण. पहिला पाऊण तास पोलिसांना नावं ठेवण्यात गेला (या बाबतीत सांगली आणि बव्हेरिया यांत काडीचा फरक नाही). मग छपरं शाकारण्याचा धंदा असलेले एक गृहस्थ उठून म्हणाले, आपणच रात्रीची गस्त घालूया. दोघादोघांच्या जोड्या, बॅटरी, कुत्रा. आणि जाता जाता, हसत हसत, "माझ्याकडे शिकारीचा परवाना आहेच."

मी हात वर केला. खरंच केला. कारण मला लहानपणीची सांगलीजवळची आमची आळी आठवली. दरोड्यांची आवई उठली की वडील, काका, शेजारचे मास्तर असे सगळे काठ्या घेऊन रात्रभर फिरायचे. चौकात शेकोटी, बारा वाजता चहा, दर तासाला आरोळी. चोर एकही सापडला नाही, पण आम्हा पोरांच्या लेखी तो गणपतीनंतरचा सगळ्यात मोठा सण होता. शिवाय नऊ वर्षं या गल्लीत राहून जे जमलं नव्हतं, म्हणजे 'इथला' होणं, ते एका बॅटरीत आणि दोन रात्रींत जमेल असाही एक चोरटा हिशेब मनात होता.

तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, त्यांनी मंगळवारी एक संशयित माणूस पाहिला. सावळा, दाढीवाला, दक्षिणेकडचा वाटणारा, हळूहळू चालत घरांकडे बघत होता. खोलीत एकदम शांतता. सगळ्यांना टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांत अचानक फार रस वाटू लागला. मी मंगळवारी त्याच रस्त्याने फोनवर आईशी बोलत हळूहळू चाललो होतो, हे मला घरी गेल्यावर आठवलं. बायको म्हणाली, "तू गस्त घाल की. फक्त तू गस्त घालतोयस हे त्यांना अंधारात कळणार कसं, तेवढं विचारून घे."

त्या रात्री परत येताना शेजारचे म्हातारबुवा सोबत होते. (नऊ वर्षांनंतरही आमचं 'अहो-जाहो' आहे. इथे हे वाईट समजत नाहीत.) ते बैठकीत एक शब्द बोलले नव्हते. फाटकाशी थांबून म्हणाले, "माझे आजोबा असल्याच गस्तीत होते. १९१९ साली, बटाटे राखायला. त्यांची बंदूक आम्हाला कित्येक वर्षांनी गवताच्या माळ्यावर सापडली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली." आणि गुड नाइट म्हणून आत गेले.

बटाटे राखायला बंदूक? मला राहवेना. पुढचे दोन-तीन महिने मी वाचनालयातून पुस्तकं आणून त्या गस्तीचा पिच्छा पुरवला. त्यात एक माणूस असा भेटला की मी उडालोच. पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी थोडं मागे जाऊ. जर्मन शहरांत शस्त्रधारी नागरिक ही काही नवलाची गोष्ट नव्हती. मध्ययुगात शहराचा नागरिक व्हायचं म्हणजे शपथ घ्यायची, कर भरायचा आणि तटावर पाळी आली की स्वतःचं शस्त्र घेऊन हजर व्हायचं. त्यातूनच नेमबाजांच्या मंडळ्या निघाल्या. पुढे राजांच्या फौजा आल्या, तटबंद्या पडल्या, पण मंडळ्या राहिल्या. आज देशभर त्यांची हजारो मंडळं आहेत, दरवर्षी त्यांच्या जत्रा भरतात, टोपीत पीस खोवलेले पोटाळे काका बँडच्या तालावर मिरवतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी पहिल्यांदा ते पाहून "क्रांती झाली का हो?" असं विचारलं होतं. १८४८ मध्ये खरोखरच क्रांती झाली तेव्हा शहरोशहरी 'नागरिक रक्षक दलं' निघाली. त्यांची मागणी होती राजाच्या सैनिकांपासून संरक्षण, आणि त्यांचं प्रत्यक्ष काम बरेचदा झालं भुकेल्या मजुरांपासून दुकानांचं संरक्षण. ती दलं एक-दोन वर्षांत संपली. हा विषय मोठा आहे, इथे एवढंच.

आता १९१८ चा नोव्हेंबर. युद्ध हरलेलं. कैसर पळालेला. बव्हेरियाचा राजा त्याच्याही दोन दिवस आधी गेलेला. आघाडीवरून लाखो सैनिक घरी परतताहेत, आणि त्यातले कित्येक जण रायफल सोबतच घेऊन. दोस्त राष्ट्रांनी समुद्री नाकेबंदी उठवलेली नाही, शहरात खायला नाही. म्युनिकची माणसं रविवारी पिशव्या घेऊन आगगाडीने खेड्यात जायची, दागिने देऊन बटाटे आणायची. ज्यांच्याकडे दागिने नव्हते ती रात्री जाऊन शेतातून उपटून आणायची. पोलीस नावापुरते. अशात फेब्रुवारी १९१९ मध्ये बव्हेरियाचे पंतप्रधान कुर्ट आइस्नर यांचा म्युनिकच्या भर रस्त्यात खून झाला, एप्रिलमध्ये शहरात 'सोव्हिएत प्रजासत्ताक' जाहीर झालं, आणि मेच्या सुरुवातीला सैन्याने आणि खाजगी पलटणींनी ते चिरडलं. त्यात सहाशेच्या वर माणसं मेली.

शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही तरी काय केलं असतं?

मे १९१९ मध्ये योहानेस हॉफमन यांच्या समाजवादी सरकारनेच 'आइनवोनरवेर' उभारायला मान्यता दिली. आइनवोनर म्हणजे रहिवासी, वेर म्हणजे संरक्षण. आपण 'रहिवासी दल' म्हणू. कल्पना साधी आणि समंजस. गावातले भरवशाचे पुरुष, बहुतेक युद्धावरून आलेले, रात्री आळीपाळीने गस्त घालतील, शेतं, कोठारं, पूल राखतील, काही घडलं तर चर्चची घंटा वाजवून सगळ्यांना जमवतील. बंदुका सैन्याच्या साठ्यातून. गणवेश नाही, दंडाला पट्टी. प्रमुख झाले गेओर्ग एशरिष नावाचे वनखात्यातले अधिकारी, झाडं मोजणारा माणूस.

याने चोऱ्या थांबल्या का? खेड्यापाड्यांत लोकांना निर्धास्त झोप लागू लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री शेताच्या बांधावर दोन बंदूकवाले उभे आहेत म्हटल्यावर भुकेला माणूस दुसरं शेत शोधणारच. शेजारच्या म्हातारबुवांच्या घरात त्या आजोबांचा फोटो आहे: मिशा, हॅट, खांद्याला रायफल, पायाशी कुत्रा. चेहऱ्यावर कसलंही क्रौर्य नाही. असलाच तर थोडा कंटाळा आहे.

पण दलाचा आकार बघा. १९२० साली एकट्या बव्हेरियात सभासद तीन लाखांच्या आसपास. दोन लाखांवर रायफली, दोन हजारांवर मशीनगन आणि काही तोफासुद्धा. बटाटेचोरासाठी तोफ! मी इंजिनिअर माणूस आहे. एखाद्या यंत्राची क्षमता त्याच्या सांगितलेल्या कामापेक्षा इतकी मोठी दिसली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, हे नक्की कशासाठी बांधलंय? सैन्यातला कॅप्टन अर्न्स्ट रोएम या शस्त्रांची व्यवस्था बघायचा. पुढे नाझींच्या तपकिरी शर्टवाल्या पलटणींचा प्रमुख झाला तोच हा रोएम. त्याला तेव्हा 'मशीनगनांचा राजा' म्हणायचे.

उत्तर मार्च १९२० मध्ये मिळालं. १३ मार्चला बर्लिनमध्ये काप नावाच्या माणसाने लष्करी बंड केलं. ते चार-पाच दिवसांत फसलं, कारण कामगारांनी देशभर संप पुकारला. पण म्युनिकमध्ये १४ तारखेलाच एशरिष, पोलीसप्रमुख पोएनर आणि उच्चाधिकारी गुस्टाफ फोन कार हे तिथल्या सेनापतीकडे गेले आणि शांतता राखण्याच्या नावाखाली सत्ता सैन्याकडे द्यायला लावली. दलाचे बंदूकवाले शहरात उभे होतेच. हॉफमन यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांत कार पंतप्रधान झाले. ज्या सरकारने राखणीला बंदुका दिल्या, तेच सरकार दहा महिन्यांत त्या बंदुकांच्या सावलीत घरी गेलं. एक गोळीही झाडावी लागली नाही.

प्रशियाच्या सरकारने या प्रकाराचा धडा घेऊन आपल्याकडची अशी दलं त्याच वसंतात बरखास्त केली. बव्हेरिया हटून बसला. इकडे दोस्त राष्ट्रांचा धीर सुटत होता. व्हर्सायच्या तहातलं १७७ वं कलम तर नेमबाजी आणि भटकंतीच्या मंडळांनासुद्धा लष्करी गोष्टींत पडायला मनाई करत होतं! जुलै १९२० मध्ये स्पा इथल्या परिषदेत त्यांनी जर्मनीला दम भरला, आणि ७ ऑगस्टला जर्मन संसदेने नागरिकांच्या निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. लष्करी हत्यारं जमा करा, लपवलेल्या साठ्याची खबर द्या, अशी पत्रकं भिंतींवर लागली.

असं एक पत्रक मारिया झांडमायर हिने वाचलं.

मारिया मोलकरीण होती. जेमतेम विशीच्या आसपासची खेड्यातली मुलगी. ती आधी ज्या गढीत कामाला होती तिथे तिने हत्यारांचा साठा पाहिला होता. नोकरी सुटल्यावर म्युनिकला आली, पत्रक वाचलं आणि कायदा म्हणतो तसं करायला निघाली. खबर कुठे द्यायची ते तिला नीट कळलं नाही. पत्रकावर छापखान्याचा पत्ता होता, ती तिथे गेली. तिथून ती बातमी जिथे जायला नको होती तिथे, म्हणजे रहिवासी दलाच्या माणसांपर्यंत पोहोचली. ६ ऑक्टोबर १९२० ला म्युनिकच्या दक्षिणेला फोरस्टनरीडच्या जंगलात तिचं प्रेत सापडलं. गळा आवळलेला. शेजारी झाडावर एक चिठ्ठी, तिने पितृभूमीशी गद्दारी केली म्हणून ही शिक्षा, अशा अर्थाची, यमक जुळवून लिहिलेली.

ते यमक मला काही केल्या डोक्यातून जाईना. खून करून कोणी यमक जुळवत बसतं? ते जंगल आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. रविवारी मुलांना रानडुकरं दाखवायला आम्ही तिथेच जायचो.

पोलिसांच्या संशयाचा माग दलाच्या शस्त्रव्यवहारातल्या माणसांपर्यंत गेला. कोणालाही शिक्षा झाली नाही. मध्ययुगात जर्मनीत 'फेमे' नावाची गुप्त न्यायासनं असत. गद्दारांना फेमेची शिक्षा, असं आता उघड बोललं जाऊ लागलं आणि अशा खुनांना नावच पडलं फेमे-खून. बव्हेरियाच्या विधिमंडळात या लपवलेल्या शस्त्रांवर सतत आवाज उठवणारे एक आमदार होते, कार्ल गाराइस. ९ जून १९२१ च्या रात्री सभेवरून परतताना म्युनिकमध्ये स्वतःच्या घराच्या दारात त्यांना गोळी घातली गेली. मारेकरी सापडला नाही.

आता तो माणूस, ज्याने मला उडवलं.

या खुनांची कोणीतरी मोजणी केली होती. १९२१ आणि १९२२ मध्ये त्यावर पुस्तकं निघाली. हिशेब असा: क्रांतीपासून १९२२ पर्यंत उजव्यांनी केलेले राजकीय खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांच्या २२ पैकी ४ खुनांना शिक्षा झाली नाही; उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना झाली नाही. ज्यांना झाली त्यांची धरून सरासरी काढली तर उजव्याला दर खुनामागे चार महिने कैद. (हे सगळे खून रहिवासी दलाचे नव्हेत, हे सांगायला हवं. बरेचसे १९१९ मधल्या सैनिकांचे आणि खाजगी पलटणींचे आहेत.) लेखक नाव, गाव, तारीख, न्यायालय असं एकेका ओळीत मांडत जातो. विशेषणं जवळपास नाहीत. वाचताना वाटतं एखादा हिशेबनीस लिहितोय. मुखपृष्ठ उलटून नाव पाहिलं: एमिल यूलियुस गुंबेल, हायडेलबर्ग विद्यापीठ, संख्याशास्त्र.

गुंबेल? मी सांगलीला सिव्हिल करत होतो तेव्हा जलविज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा: नदीच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या वार्षिक कमाल पुराचे आकडे दिलेत, 'गंबेल पद्धतीने' शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर काढा. दहा मार्कांची हमी. कृष्णेच्या काठी, आयर्विन पुलाच्या पाणीपातळीच्या गप्पा ऐकत वाढलेल्या आम्हाला तो प्रश्न घरचाच वाटायचा. गंबेल कोण, कुठला, हे कधी कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. इंग्रजच असणार असं धरून चाललो होतो! तो निघाला म्युनिकमध्येच १८९१ मध्ये जन्मलेला जर्मन ज्यू. अतिटोकाच्या, क्वचित घडणाऱ्या घटनांचं गणित त्याने पुढे परदेशात मांडलं, त्यावरचा त्याचा मोठा ग्रंथ १९५८ साली अमेरिकेत निघाला. त्याआधी १९३२ मध्ये विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याला हायडेलबर्गमधून घालवलं, १९३३ मध्ये त्याची पुस्तकं जाळली, आणि नाझींनी नागरिकत्व काढून घेतलेल्यांच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. फ्रान्समार्गे तो न्यूयॉर्कला पोहोचला आणि १९६६ मध्ये तिथेच वारला. ज्याच्या नावावर मी दहा मार्क मिळवले त्याला माझ्या आत्ताच्या देशाने पळवून लावलं होतं म्हणायचं.

ओढून-ताणून संबंध जोडायचा नाही म्हटलं तरी या माणसामुळे माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला. बैठकीत मी हात वर केला तो सरासरी रात्रीचा विचार करून. सरासरी रात्री गस्त चांगलीच असते. चोर येत नाही, चहा होतो, ओळखी होतात. रहिवासी दलाच्याही शंभरातल्या नव्व्याण्णव रात्री अशाच गेल्या असणार, त्या फोटोतल्या आजोबांसारख्या, जांभया देत. पण पुलाची उंची आपण सरासरी पाण्यावर ठरवत नाही. सरासरी पाणी पुलाखालून वर्षभर वाहतं, त्याने काही बिघडत नाही. पूल ठरतो तो शंभर वर्षांतल्या त्या एका रात्रीवर. गस्तीच्या हातात बंदूक द्यायची की नाही, हा हिशेबही त्या एका रात्रीचा आहे: कोणी घाबरलेला असताना, कोणी प्यालेला असताना, कोणी वरून आदेश देत असताना, किंवा समोर एखादी मोलकरीण पत्ता चुकून आलेली असताना. काठीवाल्या गस्तीची सगळ्यात वाईट रात्र आणि बंदूकवाल्या गस्तीची सगळ्यात वाईट रात्र यांत महापुराएवढं अंतर आहे.

(काठीची वाईट रात्रही काही कमी नसते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमध्ये गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. दोन्हीकडे आधी अफवा होत्या. गडचिंचल्याच्या बाजूला तर चोरांच्या भीतीने गावकरी रात्री जागत होते. सांगलीच्या शेकोटीची आठवण काढताना हे मी आता विसरू शकत नाही. आमच्या आळीत तेव्हा कोणी परका आला नाही, एवढंच आमचं नशीब.)

रहिवासी दलाचं पुढे काय झालं? मे १९२१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी लंडनहून निर्वाणीचा खलिता धाडला, हे मुकाट्याने करा नाहीतर रुऱ्हचा औद्योगिक प्रदेश ताब्यात घेऊ. जूनमध्ये दल बरखास्त झालं. काही शस्त्रं जमा झाली, बरीच झाली नाहीत. काही अशी गवताच्या माळ्यांवर गेली. काही दलाच्या वारस संघटनांकडे, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात म्युनिकमध्ये हिटलरने बंड केलं तेव्हा रस्त्यावर दिसलेली हत्यारं याच लपवाछपवीच्या जगातली होती. फोन कार यांनी त्या रात्री आधी मान डोलावली आणि मग पाठ फिरवली. हिटलर ते विसरला नाही. ३० जून १९३४ ला त्यांना दाखाउच्या छळछावणीत नेऊन मारलं. मशीनगनांचा राजा रोएमही त्याच हत्यासत्रात संपला.

आज जर्मनीत शस्त्र बाळगण्याचे नियम कडक आहेत. शिकारी, नेमबाज मंडळांचे सभासद यांना 'गरज' सिद्ध केली तर बंदूक मिळते, ती घरी पोलादी कपाटात ठेवावी लागते आणि तपासनीस न सांगता कपाट बघायला येऊ शकतो. पण ती भरून रस्त्यावर फिरायचा परवाना सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नाही. घराची भीती वाटते हे कारण चालत नाही. चोर रंगेहाथ सापडला तर कोणीही त्याला पोलीस येईपर्यंत धरून ठेवू शकतो, फौजदारी प्रक्रियेच्या १२७ व्या कलमाने. आमच्या बव्हेरियात १९९४ पासून सरकारी 'सुरक्षा पहारा' आहे: निवडलेले, शिकवलेले स्वयंसेवक, दंडाला पट्टी, वायरलेस आणि मिरपुडीचा फवारा. बंदूक नाही. शेजारच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये १९६३ पासून स्वयंसेवी पोलीस आहेत, त्यांना गणवेशासोबत पिस्तूलही. ते चाललंही, पण पोलिसांच्या हाताखाली, आणि २०११ नंतर तिथल्या सरकारने नवी भरती थांबवली. पश्चिम बर्लिनमध्ये १९६१ पासून असंच राखीव दल होतं. त्यात गुन्ह्यांची नोंद असलेली आणि अतिउजव्या गटांतली माणसं शिरल्याचं १९९३ मध्ये उघड झालं. २००२ मध्ये ते बंद केलं.

आणि ज्या महिन्यांत मी ही पुस्तकं वाचत होतो त्याच महिन्यांत ड्रेस्डेनजवळच्या फ्रायटाल गावात तीच गोष्ट नव्याने घडत होती. निर्वासितांमुळे ३६० नंबरच्या बसमध्ये लोक सुरक्षित नाहीत म्हणून काही रहिवाशांनी एक गस्त काढली. नावही तेच, बसच्या नंबरावरून. २०१५ च्या उन्हाळ्यात एका डाव्या नगरसेवकाची गाडी स्फोटाने उडाली. १ नोव्हेंबरला निर्वासितांच्या घराच्या खिडक्यांवर स्फोटकं लावली गेली. मार्च २०१८ मध्ये ड्रेस्डेनच्या न्यायालयाने आठ जणांना दहशतवादी संघटना बनवल्याबद्दल चार ते दहा वर्षांच्या शिक्षा दिल्या. त्यांतला एक जण बसचा ड्रायव्हर होता.

आमच्या गल्लीत काय झालं ते राहिलंच. दुसऱ्या बैठकीला पोलिसांचा एक सल्लागार आला, सोबत खिडकीचा नमुना. त्याने दहा सेकंदांत मोठ्या स्क्रूड्रायव्हरने खिडकी उघडून दाखवली, मग अळिंबीच्या टोपीसारखं डोकं असलेले खिळे बसवलेली दुसरी खिडकी घेतली आणि पाच मिनिटं घाम गाळूनही ती उघडली नाही. म्हणाला, चोराला एवढा वेळ नसतो, तो पुढच्या घराकडे जातो. छपरवाल्या गृहस्थांनी सर्वांत आधी प्रश्न विचारला, एका खिडकीला किती पडतील? गस्तीचा विषय पुन्हा निघाला नाही. (त्या वर्षी देशात १ लाख ६७ हजार घरफोड्या झाल्या होत्या, २०२१ मध्ये तो आकडा ५४ हजारांवर आला. त्यात कोरोनाने लोक घरीच बसले याचा मोठा वाटा आहे, पण घसरण आधीच सुरू झाली होती. आणि दर दहातल्या चारांहून अधिक चोऱ्या आता प्रयत्नातच अडकतात, खिडकीपाशीच.)

मंगळवारचा संशयित मीच होतो, हे मी त्या बाईंना दुसऱ्या बैठकीत सांगून टाकलं. त्या लाल झाल्या, मग म्हणाल्या, "पण तुम्ही घरांकडे का बघत होतात?" आईला इथल्या खिडक्यांतल्या ख्रिसमसच्या दिव्यांचं वर्णन करून सांगत होतो, म्हटलं. पुढच्या रविवारी त्या केक घेऊन आल्या.

खिडक्यांचे खिळे बसवायला कारागिराने सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. तोवर बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीला सांगलीहून आणलेली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा बांधली. खिळे बसले, घंटा कोणी काढली नाही. वारा सुटला की वाजते, आणि शेजारचे म्हातारबुवा पडदा सारून बघतात.